आत्याची आयडेंटिकल खोली

आयडेंटिकल हा शब्द आयुष्यात कधी माझ्या वाटेला आला नव्हता. जुळ्या भावांच्या बाबतीत तो वापरतात एवढं ऐकून होतो, पण आमच्या घराण्यात जुळं कुणी नाही. एकेकटेच इतके त्रासदायक निपजले की देवाने दुसरी प्रत काढायचं धाडस केलं नसावं. अशा या परक्या शब्दाने पन्नाशीच्या माणसाच्या घरात शिरून एक चांगली खिडकी बुजवावी, भर दुपारी ट्यूबलाइट लावायला लावावी आणि अख्ख्या बिल्डिंगसमोर त्याचा कान चव्हाट्यावर आणावा, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

डॉक्टरांवरून आठवलं. गोष्ट आत्याच्या डोळ्यांपासूनच सुरू होते.

माझी आई लवकर गेली आणि आत्याने मला वाढवलं. शिवणाचे क्लास घेऊन, मशीनच्या पायाशी मला बसवून वाढवलं. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. आता तिची दृष्टी इतकी उणावली होती की उजेड आहे की अंधार, एवढंच कळायचं. तरी ती आपल्या भाड्याच्या खोलीत एकटी अशी वावरायची की नव्या माणसाला शंका येऊ नये. दारातून आत, बटण, कपाट, पलंग, खिडकी. हात न चाचपडता. सुईत दोरा तेवढा शेजारणीकडून ओवून घ्यायची, आणि त्याबद्दल शेजारणीला दोन शब्द सुनवायची.

मग घरमालकाने खोली मागितली. मी म्हटलं, आत्या, आता माझ्याकडे चल. तिने अट घातली.

"येते. पण माझी खोली मला आहे तशी पाहिजे. तशीच्या तशी. तुझ्याकडे मी पाहुणी म्हणून चाचपडत फिरणार नाही."

"मी आहे ना आत्या हात धरायला."

"तेच नकोय. अंधांच्या त्या संस्थेतल्या बाईंनी माझ्यासाठी जागा राखून ठेवलीय. तिथे सगळ्यांनाच धरून नेतात, त्यात लाज नाही. पण ज्याला मी बोट धरून चालायला शिकवलं, त्याचं बोट धरून मी संडासला जाणार नाही. एक दिवस राहून बघेन. जमलं तर पिशवी उघडेन. नाहीतर तशीच उचलून संस्थेत."

हे ती रागाने बोलली असती तर मी रागावून मोकळा झालो असतो. ती उसवलेल्या हातरुमालाला टीप घालत शांतपणे बोलली. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, ती पिशवी माझ्या घरात उघडली गेलीच पाहिजे. मग आभाळ कोसळो.

आभाळ शाबूत राहिलं. बाकी बरंच काही कोसळलं.

सामान बांधायच्या आठवड्यात आत्या मैत्रिणीकडे राहायला गेली आणि मी तिच्या खोलीचा फोटो काढायला गेलो. खोली एवढीशी. कुठल्याही कोपऱ्यात उभा राहिलो तरी अर्धी खोली मावायची आणि अर्धी माझ्या पाठीला लागायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कपाटाच्या आरशात मात्र अख्खी खोली दिसते. पलंग, खिडकी, दार, बटण, भिंतीवरचं घड्याळ, मधला स्टूल, सगळं. मी कपाटाला तिरका उभा राहिलो, हात लांब केला आणि आरशातला तो फोटो झकास टिपला. मोबाइलवर आरशाची चौकट कापून टाकली आणि एक प्रत छापून घेतली. खोली अशी स्वच्छ उमटली की वाटलं, फोटोग्राफर व्हायचं सोडून आपण उगाच विमा कंपनीत आयुष्य काढलं. कडेला काहीतरी गुलाबीसर आलं होतं. तो माझा कान. म्हटलं, असू दे, चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करतोच की.

दुसऱ्याच दिवशी सामान निघालं, किल्ली मालकाच्या हातात पडली आणि त्याने भिंती फोडायला घेतल्या. आता जगात त्या खोलीचा एकच साक्षीदार उरला होता. माझा फोटो.

सामान घरी आलं तेव्हा मी ऑफिसात होतो. संध्याकाळी पाहतो तर बायकोने पलंग उजव्या भिंतीला खिडकीखाली लावून टाकला होता आणि कपाट डावीकडे.

"हे काय, मला विचारल्याशिवाय?"

"अहो, असंच होतं ना त्यांच्याकडे? आत शिरलं की उजव्या हाताला पलंग."

मी फोटो काढून पुढे धरला. फोटोत पलंग आणि खिडकी, दोन्ही डाव्या हाताला होती.

"फोटो खोटं बोलतो का?" मी विचारलं.

तिने फोटो बघून परत दिला. "फोटो नसेल बोलत," ती म्हणाली आणि कणीक मळायला निघून गेली. बायकांना या वयात दिशा कळेनाशा होतात, असा मी त्यातून निष्कर्ष काढला. तो मोठ्याने काढला नाही, एवढी बुद्धी देवाने दिली होती.

फोटोतल्या घड्याळात पावणेतीन वाजलेले होते. मी तर फोटो सकाळी सव्वानऊला काढला होता. म्हणजे आत्याचं घड्याळ बंद पडलेलं. बिचारी, तिला कळणार तरी कसं. मी ते दुरुस्तीला नेलं. घड्याळवाला म्हणाला, "साहेब, हे तर ठणठणीत चालतंय." मी म्हटलं, "तुम्ही खोलून तर बघा." त्याने खोललं, बघितलं, पुसलं, बंद केलं आणि माझ्याकडे असं बघितलं की खोलून बघायची गरज घड्याळाला नसून दुसऱ्या कशाला तरी आहे.

आता मुख्य अडचण खिडकीची. पलंग उचलून डावीकडे नेता येतो, खिडकी कशी नेणार? आमची खोली कोपऱ्यातली. डावी भिंतही बाहेरचीच. म्हणजे तिथे खिडकी पाडता येईल. त्यासाठी सोसायटीची परवानगी हवी, परवानगीसाठी अर्ज हवा, आणि अर्ज इंग्रजीत केला तर सेक्रेटरी लवकर घाबरतो असा अनुभव. म्हणून वरच्या मजल्यावर मास्तरांकडे गेलो. मास्तर जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. आता वर्ग नाही म्हणून जिन्यात जो सापडेल त्याला शिकवतात.

"आत्याची जुनी खोली आणि नवी खोली सेम पाहिजे असं लिहा," मी म्हटलं.

"सेम नाही. सेम म्हणजे तीच. ती तर मालकाने फोडली."

"मग सिमिलर."

"सिमिलर म्हणजे तिच्यासारखी. तुमचं घर माझ्या घरासारखं आहे, म्हणून तुम्ही येऊन माझ्या पलंगावर झोपता का? तुम्हाला हवाय तो शब्द आयडेंटिकल. वस्तू दोन, पण फरक दाखवता येऊ नये. तंतोतंत."

"तर मग लिहा, व्हेरी आयडेंटिकल."

मास्तरांनी चष्मा काढला. त्यांच्याकडे छडी असती तर ती त्यांनी काढली असती. "या शब्दाला व्हेरी लागत नाही. माणूस थोडासा मेला, फार मेला, असं म्हणतो का आपण? आयडेंटिकल एकतर आहे, नाहीतर नाही. मधे काही नाही."

"कुठे कमी पडलं तर?"

"तर सिमिलर," ते म्हणाले, आणि हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला तो शिवीच वाटला.

तिथून उतरताना मला नवीन बळ चढलं होतं. कीर्तनाला जाऊन आल्यावर चढतं तसं. बुवा एकच पद घेतात, ते घोळवतात, त्याला कथा जोडतात आणि उठताना आपल्या तोंडी तेवढं एकच पद उरतं. माझ्या तोंडी उरलं आयडेंटिकल. ऑफिसात एका ग्राहकाला मी म्हणालो, तुमची सही आयडेंटिकल नाही. तो म्हणाला, हात मोडलाय. मी म्हटलं, एकतर आहे, नाहीतर नाही. त्याने साहेबांकडे तक्रार केली. पण ते राहू दे, मूळ पदावर येतो.

सेक्रेटरीने अर्ज दोनदा वाचला. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांना घरात कुणी विचारत नाही म्हणून आम्ही निवडून दिलेत.

"खिडकी पाडता येणार नाही."

"का?"

"कलम आहे. बाहेरून सगळे मजले आयडेंटिकल दिसले पाहिजेत."

मी जागच्या जागी उडालो. "अहो, मलाही आयडेंटिकलच पाहिजे."

"कशाशी?"

"आत्याच्या खोलीशी."

"ते तुमचं आयडेंटिकल झालं. सोसायटीचं वेगळं आहे."

"दोन आयडेंटिकल वेगळी कशी असतील?"

सेक्रेटरींनी अर्जाची घडी घातली. "ते मला माहीत नाही. पण असतात," ते म्हणाले. "आणि एक सांगू का साहेब? तुमच्याकडे उजव्या भिंतीला एवढी छान खिडकी आहे. बाई तिथे बसल्या तर काय बिघडलं?"

"तुम्हाला नाही कळणार," मी म्हटलं. आज ते वाक्य आठवलं की मान आपोआप खाली जाते.

पण मी हरणाऱ्यांतला नाही. भिंत फोडायची परवानगी नाही ना, मग भिंत न फोडता खिडकी करायची. आत्याला उजेड तेवढा कळतो. तेव्हा जिथे उजेड तिथे खिडकी. मी वायरमनला बोलावलं आणि डाव्या भिंतीवर दोन ट्यूबलाइट बसवून त्यांवर आत्याचाच जुना पडदा सोडला. वाऱ्यासाठी मागे एक छोटा पंखा. उजवीकडची खरी खिडकी मात्र उजेड देऊन घोटाळा करणार, म्हणून सुताराला सांगून ती प्लायवूडने पक्की बंद केली.

"म्हणजे बाहेरचं ऊन झाकायचं आणि आत दिवा लावायचा?" सुताराने विचारलं.

"हो."

"आणि बिल कोण भरणार?"

"मी."

"मग ठोकतो," सुतार म्हणाला. माणूस व्यवहारी होता.

दाराजवळचं बटणही फोटोप्रमाणे उजवीकडून डावीकडे नेलं. वायरमन आळशी. जुना बोर्ड काढायचा सोडून त्याने त्याच्यावर नुसती पट्टी मारली. त्यावरून मी त्याला एवढं झापलं की तो चहा न घेता गेला.

पलंग डावीकडे, कपाट उजवीकडे, सगळं झालं. मी फोटो हातात धरून दारात उभा राहिलो. पलंग, खिडकी, बटण, घड्याळ, चादरीची घडीसुद्धा तीच. फरक दाखवता येऊ नये. एकच सुधारणा मी आपल्या अकलेने केली होती. तो मधला स्टूल. आत्याच्या खोलीत ऐन मध्यावर एक लाकडी स्टूल असायचा आणि जाता येता तिचा अंगठा त्यावर आपटायचा. डॉक्टरही म्हणाले होते, चालायच्या वाटेत काही ठेवू नका. तेव्हा स्टूल मी बाल्कनीत नेऊन त्यावर कुंडी ठेवली. प्रेमापोटी केलेल्या गोष्टी मोजायच्या नसतात असं माझं मत होतं.

बायको मागे येऊन उभी राहिली. "अहो, दिवसा ट्यूब गरम होते हो. पडदा करपल्याचा वास येतोय."

"दुपारी ऊन कडक असतंच," मी म्हटलं.

रविवारी सकाळी आत्या आली. हातात एकच पिशवी, घट्ट बांधलेली. मास्तर आणि सेक्रेटरी सहज म्हणून आले होते. आमच्या बिल्डिंगमध्ये माणसं जेव्हा सहज येतात तेव्हा घरून आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतात.

दिवाणखान्यात मी आत्याचा हात धरला होता. खोलीच्या दाराशी तिने तो सोडवून घेतला.

"आता इथून मी."

आत्या उंबऱ्याच्या आत गेली आणि तिचा उजवा हात सवयीने भिंतीवर गेला. बटण जिथे असायला हवं तिथे. तिथे पट्टी होती. हात पट्टीवरून वर गेला, खाली आला, थांबला. मग ती उजवीकडे पलंगावर बसायला वळली आणि कपाटावर धडकली. कपाटाचं दार धाडकन उघडलं. ती मागे सरली. करपणाऱ्या पडद्याकडे तोंड करून तिने विचारलं, "हा उजेड कसला? याला गुणगुणायला कुणी शिकवलं?"

ट्यूब गुणगुणत होती खरी. मी काही बोलायच्या आत आत्या खाली बसली. जमिनीवर. पिशवी मांडीवर घेऊन.

"सगळं माझंच आहे रे," ती हळूच म्हणाली. "वास माझा आहे, चादर माझी आहे. पण खोली माझी नाही. तू नको वाईट वाटून घेऊ. तू केलंस ते खूप केलंस. त्या संस्थेतल्या बाईंना फोन लाव."

मी खिशातून फोटो काढला. माझ्याकडे दुसरं होतं काय? "आत्या, हे बघ, म्हणजे, मास्तर, तुम्ही बघा. सेक्रेटरीसाहेब, बघा. एक काडी इकडची तिकडे असेल तर सांगा. आयडेंटिकल आहे की नाही?"

मास्तरांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खोलीवर फिरवला. "आहे बुवा," ते म्हणाले. मग पुन्हा जवळ नेला. "हे कडेला गुलाबी काय आहे?"

"कान."

"कुणाचा?"

"माझा."

"आणि फोटो कुणी काढला?"

"मीच."

मास्तर गप्प राहिले. वर्गात उत्तर पोराच्या तोंडून यावं म्हणून शिक्षक गप्प राहतात तसे. सेक्रेटरींनी माझ्या कानाकडे बघितलं, मग फोटोतल्या कानाकडे. बायकोने तोंडाला पदर लावला.

"आरशात काढला," मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा वाटला. "खोली मावत नव्हती म्हणून."

"उजव्याचं डावं झालं," मास्तर म्हणाले. "डाव्या पायाचा बूट आणि उजव्या पायाचा बूट. कारखाना एक, कातडं एक, माप एक. घालून बघा पाय."

"म्हणजे आयडेंटिकल नाही?"

"नाही. आणि सिमिलर म्हणायची माझी इच्छा नाही."

घड्याळ, जे कधीच बंद पडलेलं नव्हतं, ते टिकटिकत होतं. मग खालून एक आवाज आला. आत्या हसत होती. आधी खांदे, मग पिशवी, मग ती सगळीच हलायला लागली.

"लहानपणी सदऱ्याच्या बाह्या उलट्या घालायचास," ती डोळे पुसत म्हणाली. "आता खोली उलटी घातलीस."

त्या हसण्याने माझा जेवढा अपमान झाला त्यापेक्षा जास्त मला धीर आला. "आत्या, संध्याकाळपर्यंत थांब," मी म्हटलं. "फक्त संध्याकाळपर्यंत. तू एक दिवस म्हणाली होतीस. दिवस संपलेला नाही."

"थांबते," ती म्हणाली. "मला बाहेर खुर्ची द्या. इथे राहिले तर तुमच्या पायात येईन."

मग जे सुरू झालं त्याला फक्त लग्नघर म्हणता येईल. पलंग एका बाजूने मी आणि सेक्रेटरींनी उचलला, दुसऱ्या बाजूने मास्तरांनी, कमरेच्या पट्ट्यासकट. कपाट सरकेना, म्हणून आतले कपडे बायकोने बाहेर काढले, तर ते कपडे आत्याने बसल्या बसल्या घड्या घालून मांडीवर रचले. सुतार रविवारी फोन उचलेना. तेव्हा सेक्रेटरीच खुर्चीवर चढले आणि प्लायवूडच्या फटीत सांडशी घालून जोर करू लागले.

"साहेब, कलमात बसतं का हे?" मी विचारलं.

"कलम बाहेरच्या बाजूला आहे," ते म्हणाले. "आत मी माणूस आहे."

फळी सुटली आणि त्यांच्यासकट खाली आली. ते पलंगावर पडले म्हणून निभावलं. पलंग तेव्हा नेमका मध्यावर होता, देवाची योजना. खिडकीतून खरं ऊन आत आलं आणि फरशीवर पसरलं. बायकोने ट्यूबलाइट बंद केल्या. दाराजवळची पट्टी मी नखाने उचकटली आणि तिच्याखाली जुना बोर्ड जसाच्या तसा, तारांसकट जिवंत. त्या वायरमनच्या आळसाला मी मनोमन नमस्कार केला. चहा न घेता गेलेल्या माणसाचे एवढे उपकार आपल्यावर असावेत, हे बरं नव्हे.

"आत्या, चल," मी दारातून म्हटलं. हात पुढे केला नाही. तो मागे बांधून ठेवला.

ती आली. उंबरा ओलांडला. उजवा हात भिंतीवर, बटण, खट. दिवा लागला आणि तिने मान डोलवली, त्याच खटने बंद केला. डावीकडे कपाटाच्या दाराला बोटं लावली, न बघता. सेक्रेटरी कंबर धरून उभे होते. ती उजवीकडे वळली, उन्हाच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि थांबली.

पायाचा अंगठा हवेत पुढे गेला, चाचपून मागे आला. पुन्हा पुढे गेला.

"काय झालं आत्या?"

"स्टूल?"

"तो मी काढला. तुझ्या पायाला लागायचा ना."

"लागायचा म्हणून तर कळायचं अर्धी खोली आली," ती म्हणाली. "नाहीतर किती चालायचं हे कोण सांगणार मला? तू?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी बाल्कनीत पोचलो. कुंडी उचलून बायकोच्या हातात दिली, स्टूल पुसला आणि आणून मधोमध ठेवला. आत्याने सांगितलं, इकडे. अजून. बस.

मग ती परत दारात गेली आणि पहिल्यापासून आली. उंबरा. बटण. कपाट. वळण. अंगठा स्टूलवर असा खाडकन बसला की आमचे सगळ्यांचे अंगठे आपोआप वर झाले.

"आई गं," आत्या म्हणाली. वेदना होती, पण सुरात समाधान. मग ती सरळ खिडकीशी गेली, उन्हात तोंड धरून पलंगावर बसली आणि पिशवीची गाठ सोडायला लागली.

"आयडेंटिकल," मास्तर पुटपुटले, आणि घाईने डोळे पुसत वर निघून गेले.

त्यानंतर त्या स्टूलला मी रोज सकाळी आत्याचा चहा घेऊन जाताना आपटतो. रोज ठरवतो, आज नाही, आणि रोज आपटतो. कपबशी हातात तशीच धरून मी एका पायावर उभा राहतो, आणि खिडकीपाशी पाठमोरी बसलेली आत्या मान न वळवता विचारते,

"आलास का अर्ध्यावर?"